फासिया म्हणजे वारसा



‘वारस’ हा शब्द कानावर पडला की आपल्या डोळ्यांसमोर आधी तलाठ्याचं ऑफिस येतं. वडील गेले, आता वारस नोंद लावा, फेरफार काढा. मग कुणीतरी एक कागद पुढे सरकवतं आणि म्हणतं, ताई, इथं सही कर. हक्कसोडपत्र. आमच्या गटाच्या बैठकीत एकदा विचारलं होतं, ही सही कुणाकुणाची झाली आहे? बसलेल्यांतल्या निम्म्याहून जास्त जणींचे हात वर गेले. कुणी हसली, कुणी म्हणाली, माहेर तुटायला नको म्हणून केली.

पण आजचा विषय त्या कागदाचा नाही. आज आपण अशा वारशाबद्दल बोलणार आहोत ज्याचा सातबारा निघत नाही. घरातली विद्या. कुणाच्या घरात लोहारकाम असतं, कुणाच्या घरात औषधी मुळ्यांची माहिती असते, कुणाच्या घरात गाणं-वाजवणं असतं. ही विद्या कुणाला द्यायची हे कोण ठरवतं? तिच्यावर लेकीचं नाव लागतं का? यावर आम्ही आज तुम्हाला एका अल्बमची गोष्ट सांगणार आहोत. अल्बम म्हणजे पूर्वी कॅसेट यायची ना, दोन्ही बाजूंना मिळून आठ-दहा गाणी असायची, तसा एका गायिकेच्या गाण्यांचा एकत्र संच. या अल्बमचं नाव आहे ‘फासिया’. तो २०११ मध्ये आला. गाणारणीचं नाव सोना जोबार्तेह. सोना हे नाव आपल्याकडचंच वाटतं, पण ही आहे आफ्रिकेतल्या गॅम्बिया देशातल्या घराण्यातली. आणि ‘फासिया’ या मांडिंका भाषेतल्या शब्दाचा अर्थ आहे वारसा.

आम्हाला हे गाणं सापडलं ते मोबाईलवर. आमच्यातल्या एकीची मुलगी सुट्टीला आली होती, तिने ऐकवलं. आम्ही चौघी-पाचजणी रेडिओच्या खोलीत शेंगा फोडत बसलो होतो. गाणं लागलं आणि पहिल्यांदा वाटलं, कुठंतरी झऱ्याचं पाणी पडतंय. मग बाईचा आवाज आला. संथ, जरासा खालच्या पट्टीतला, अजिबात ओरडून न गाणारा. भाषा एक अक्षरही कळेना. मुलीने पडदा आमच्यापुढे धरला. एक बाई उभी आहे, समोर भला मोठा भोपळा पोटाशी धरलाय आणि त्याला माडासारखा उंच दांडा आहे. आमच्यातली सगळ्यात वयस्कर आजी चष्मा पुसून बघत राहिली आणि म्हणाली, “अगं, ही दोन हातांनी तीन माणसांचं काम करतीय.” आजीने वाद्याचं नावही न ऐकता जे सांगितलं ते अगदी खरं होतं. कसं, ते पुढे येईलच.

आधी हा देश कुठं आहे ते बघू. आफ्रिका खंडाच्या पश्चिमेला, समुद्राला लागून, नदीच्या दोन्ही काठांनी आत गेलेली एक चिंचोळी पट्टी म्हणजे गॅम्बिया. आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरचा हा सगळ्यात छोटा देश. आपल्या सातारा जिल्ह्यापेक्षा जरासाच मोठा. तिन्ही बाजूंनी सेनेगल देश, चौथ्या बाजूला समुद्र. आपल्यासारखंच तिथंही इंग्रजांचं राज्य होतं, ते १९६५ मध्ये गेलं. तिथलं नगदी पीक भुईमूग. भुईमूग बहुतेक पुरुषांचा आणि नदीकाठच्या दलदलीतला भात बायकांचा, अशी तिथल्या शेतीची जुनी वाटणी आहे. म्हणजे आम्ही शेंगा फोडता फोडता भुईमुगाच्या देशातलं गाणं ऐकत होतो, हे आम्हाला मागाहून कळलं.

तिथल्या मांडिंका समाजात गाण्या-वाजवण्याचं काम ठरावीक घराण्यांकडे असतं. त्यांना ‘जाली’ म्हणतात. बाहेरच्या जगात त्यांना ‘ग्रिओ’ या नावाने ओळखतात. जाली म्हणजे नुसता गाणारा नव्हे. आपल्याकडे हेळवी येतात, घराण्याची सात पिढ्यांची नावं सांगतात. भाट असतात. पराक्रमाचे पोवाडे गाणारे शाहीर असतात. लग्नानंतर घरात गोंधळ घालायला गोंधळी येतात. या सगळ्यांची कामं एका माणसाच्या डोक्यावर ठेवली, म्हणजे जाली थोडाफार कळेल. बारशाला जाली हवा, लग्नाला जाली हवा, दोन घरांत तंटा झाला तर समजूत घालायलाही जाली हवा. तेराव्या शतकात सुंजाता नावाच्या राजाने मालीचं मोठं साम्राज्य उभं केलं. त्याची कथा आज जगाला माहीत आहे ती या जालींनी पिढ्यानुपिढ्या तोंडपाठ ठेवली म्हणून. पोथी नाही, वही नाही. बापाने सांगायचं, पोराने घोकायचं.

जालींची घराणी आडनावावरून ओळखू येतात. कुयाते, सुसो, सिसोको, दियाबाते, जोबार्तेह. यातलं दियाबाते आणि जोबार्तेह हे मुळात एकच आडनाव. एका देशात फ्रेंच साहेबाने कागदावर लिहिलं, दुसऱ्या देशात इंग्रज साहेबाने. झाली दोन आडनावं! आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी जे लिहिलं तेच आयुष्यभर चालतं, तसंच हे.

या घराण्यांत बायकांना गाणं बंद नव्हतं, हे नीट लक्षात घ्या. उलट बायकांच्या आवाजाला मोठा मान होता आणि आहे. मालीतल्या कांदिया कुयाते, आमी कोइता यांच्यासारख्या गायिका फार नावाजलेल्या. बाईने गायचं, टाळ्या धरायच्या, हातातल्या लोखंडी नळीवर छोट्या सळईने ठेका द्यायचा. पण वाद्य पुरुषाचं. त्यातही ‘कोरा’ नावाचं वाद्य तर बापाकडून मुलाकडेच जायचं. आवाज चालेल, वाद्य चालणार नाही. हे काही आपल्याला परकं नाही. आपल्याकडेही भजनात बाई म्हणते आणि पखवाज पुरुषाकडे असतो. भारुडातली पात्रं कितीही बदलली तरी ढोलकी कुणाकडे असते ते बघा.

आता कोरा. आपल्याकडे कोरा म्हणजे काही न लिहिलेला कागद किंवा दुधाशिवायचा चहा. तिकडे कोरा म्हणजे एकवीस तारांचं वाद्य. आपल्या गोंधळ्याच्या तुणतुण्याला एक तार असते. त्यावरून अंदाज करा.

कोरा बनवायला एक मोठा वाळलेला भोपळा घेतात. खायचा नव्हे, कडक कवचाचा, ज्याची आपण पूर्वी पाण्याची भांडी करायचो तसा. तो मधोमध कापला की दोन परड्या होतात. त्यातली एक घ्यायची. तिच्या तोंडावर ओलं गाईचं कातडं ताणून बसवायचं आणि कडेने खिळे मारायचे. कातडं वाळलं की नगाऱ्यासारखं ताठ होतं. भोपळ्यातून आरपार एक लांब कठीण लाकडाचा दांडा घालायचा. दांड्यावर चामड्याच्या विणलेल्या कड्या असतात, तारा त्यांना बांधायच्या. सूर लावायचा असला की ती कडी दांड्यावर वर-खाली सरकवायची. फार जोराचं काम आहे ते, म्हणून हल्ली बरेच वादक गिटारसारख्या पिळायच्या खुंट्या बसवतात. तारा पूर्वी हरणाच्या कातड्याच्या बारीक पट्ट्यांना पीळ देऊन करायचे, आता मासे धरायचा नायलॉनचा दोरा वापरतात. तारा दोन ओळींत असतात. डाव्या हाताला अकरा, उजव्या हाताला दहा. मध्ये लाकडाची एक उंच घोडी उभी, तिच्या दोन्ही कडांना खाचा, त्या खाचांतून या दोन ओळी वेगळ्या होतात.

वाद्याचं तोंड ऐकणाऱ्यांकडे नसतं, वाजवणाऱ्याकडे असतं. कातड्याच्या बाजूला दोन छोट्या उभ्या मुठी असतात. तीन-तीन बोटांनी त्या मुठी धरायच्या. म्हणजे वाजवायला उरले काय? दोन अंगठे आणि दोन तर्जन्या. एवढ्या चार बोटांवर सगळा खेळ. अंगठे खालचा, पुन्हा पुन्हा येणारा ठेका चालू ठेवतात, त्याला कुंबेंगो म्हणतात. तर्जन्या त्यावरून पळत जाऊन नक्षी काढतात, त्याला बिरिमिंतिंगो म्हणतात. आणि वाजवणारा स्वतः गात असेल तर तिसरं काम गळ्याचं. आमच्या आजीने मोजलेली तीन माणसं ती हीच.

भोपळ्याचं नातं आपल्याकडेही जुनं आहे. एकतारी भोपळ्याची, वीणा भोपळ्याची आणि मिरजेचे तंबोरे-सतारीही भोपळ्याच्याच. त्यासाठीचे मोठे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला पिकवतात. आपल्यापैकी काही जणींच्या माहेरी ते शेतात वाळत पडलेले असतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. ही कला मिरजेत मुळात हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी उभी केली आणि तीही बापाकडून मुलाकडे आली. भोपळा पेरायला, वाळवायला बाईचा हात चालतो. तार चढवताना मात्र तो मागे सरतो.

तर आता सोनाकडे येऊ. तिचा जन्म १९८३ मध्ये लंडनला झाला. आई इंग्रज, चित्रकार. वडील सांजली जोबार्तेह हे कोरावादक. आजोबा अमादू बान्सांग जोबार्तेह तर गॅम्बियातले कोराचे फार मोठे उस्ताद. घराणं मूळचं मालीतलं. जगभर कोरा पोचवणारा मालीचा तुमानी दियाबाते हा तिच्या नात्यातला भाऊ.

म्हणजे घरात विद्या भरलेली. पण ती सोनाकडे कशी आली बघा, इथं खरी गंमत आहे. बापाकडून सरळ आली नाही. तिला पहिल्यांदा कोरा शिकवला तो मोठ्या भावाने, तुंडे जेगेडे याने. ती तेव्हा चार वर्षांच्या आसपास होती. या भावाची आई तीच, वडील वेगळे, म्हणून आडनाव वेगळं. म्हणजे जालींच्या नियमाने बघितलं तर तो रक्ताने त्या घराण्यातला नाही. तरी तो लहानपणी गॅम्बियात जाऊन सोनाच्या आजोबांकडेच कोरा शिकला होता. तर विद्या आजोबांकडून परघरच्या नातवाकडे गेली, आणि त्याच्या हातून ती घरच्या नातीकडे परत आली. वंशावळीच्या कागदावर ही रेघ काढताच येणार नाही. आम्ही खडूने फळ्यावर काढून बघितली, दोनदा पुसली.

पुढे सोना लंडनमधल्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये चेलो, पियानो शिकली. पर्सेल स्कूल या संगीताच्या शाळेत संगीतरचना शिकली. साहेबी संगीताचं सगळं शिक्षण झालं. सतराव्या वर्षाच्या सुमारास ती वडिलांकडे रीतसर कोरा शिकायला गेली. आणि वडिलांनी तिला शिकवलं.

या वाक्यावर आमच्या बैठकीत बराच वेळ वाद झाला. एकीचं म्हणणं, मोठेपणा बापाचा. शेकडो वर्षांची चाल मोडून त्याने लेकीला बसवलं. दुसरी म्हणाली, बापाला मोठेपणा कशाला? पोरीने आधीच चार वर्षांची असल्यापासून हात बसवला होता, तिने जाऊन मागितलं, त्याने नाही म्हटलं नाही इतकंच. तिसरी म्हणाली, नाही म्हटलं नाही हे काय कमी आहे? माझ्या बापाने म्हटलं होतं. आमचं मत विचाराल तर दुसरीच्या बाजूचं आहे, पण तिसरीचं वाक्य डोक्यातून जात नाही.

व्यवसाय म्हणून कोरा वाजवणारी, आणि कोराच्या मुख्य घराण्यांतून आलेली अशी सोना ही पहिली स्त्री. हे वाक्य आम्ही मुद्दाम जपून बोलतोय. कारण कोराला हात लावणारी ती पहिलीच बाई नव्हे. मालीत मदिना न्द्याये नावाची बाई आहे, तीही कोरा वाजवते, आणि ती तर जाली घराण्यातलीही नाही. तुमानी दियाबातेकडे ती शिकली. ‘पहिली’ म्हणून एकीचं नाव घेताना दुसरीचं पुसलं जातं, म्हणून दोन्ही सांगितली.

आता अल्बमबद्दल. ‘फासिया’ हा सोनाचं नाव जगभर नेणारा तिचा पहिला अल्बम. तसं त्याआधी तिने काहीच केलं नव्हतं असं नाही. २००८ मध्ये तिची काही गाणी आली होती आणि पुढे आफ्रिकेवरच्या ‘मदरलँड’ नावाच्या माहितीपटाला तिने संगीत दिलं होतं. पण घरच्या विद्येत, घरच्या भाषेत, स्वतःच्या नावाने उभं राहणं झालं ते ‘फासिया’मध्ये. यात ती गाते, कोरा वाजवते, गिटारही वाजवते. गाणी स्वतः रचते आणि चालीही स्वतःच बांधते. मागे कोणी उस्ताद बसलाय आणि ही पुढे नुसती गातेय असं नाही.

भाषेचं तेवढं बघा. लंडनला जन्मलेली, इंग्रजीत शिकलेली बाई. इंग्रजीत गायली असती तर जास्त लोकांना कळलं असतं, जास्त खपलं असतं. ती मांडिंकात गायली. आपल्या गटातल्या मुली शहरात जाऊन आल्या की दुकानात आपल्या बोलीत बोलायला लाजतात. त्यांना हे गाणं ऐकवावं असं आम्हाला वाटतं. उपदेश नको, नुसतं ऐकवायचं.

गाण्यांची नावं ऐका. एकाचं नाव ‘मामामुसो’. तिकडच्या भाषेत मामा म्हणजे आजी-आजोबा आणि मुसो म्हणजे बाई, तर मामामुसो म्हणजे आजी. आपल्याला मामा म्हटलं की आईचा भाऊ आठवतो, त्यामुळे आमच्या खोलीत हसू झालं. एका गाण्याचं नाव ‘मुसो’चंच अनेकवचन, म्हणजे बायका. एक ‘गायनाको’, हा फुला या गुरं पाळणाऱ्या लोकांचा शब्द, अर्थ गुराखी. ‘साया’ म्हणजे मृत्यू. आणि ‘जाराबी’ म्हणजे प्रेम, जिवलग. रेडिओवर आम्ही यातली ‘साया’ आणि ‘जाराबी’ लावली होती. इथं छापताना ती देता येत नाहीत, पण मोबाईलवर सापडतील.

‘जाराबी’वर जरा थांबू या. ही चाल सोनाची नाही. ती कोराची फार जुनी चाल आहे, कितीतरी वादकांनी वाजवलेली. तिच्या नात्यातल्या तुमानीचा नुसत्या कोराचा पहिला अल्बम १९८८ मध्ये आला, ‘काइरा’ नावाचा. त्यातही ‘जाराबी’ आहे. तिथं शब्द नाहीत, फक्त तारा. तेवीस वर्षांनी तीच चाल घरातली लेक वाजवते आणि वर स्वतःचा आवाज ठेवते. दोन्ही एकामागून एक ऐकून बघा. तुमानीचा हात जास्त सफाईचा आणि जास्त अवघड. त्यात लपवण्यासारखं काही नाही, तो जगातल्या थोर वादकांपैकी एक होता. सोनाचं ऐकताना मात्र आपण थांबून ऐकतो, कारण ती घाई करत नाही.

मग जुनी चाल घेऊन गाणारीला ‘गाणं रचणारी’ कसं म्हणायचं, असं आम्हाला एका मुलीने विचारलं. शाळेत तिला शिकवलंय की गाण्याला एक कवी असतो, एक संगीतकार असतो. प्रश्न बरोबर आहे. पण उत्तर तिच्या आजीच्या जात्यात आहे. जात्यावरच्या ओव्यांची पहिली ओळ बहुतेक वेळा आईकडून, सासूकडून आलेली असते. पुढची ओळ मात्र दळणारी स्वतः घालते. त्यात तिचा भाऊ येतो, तिचं गाव येतं, तिचं दुखणं येतं. ती ओवी कुणाची? आईची की लेकीची? आपल्याकडे हेमा रायरकर आणि गी पॉइटविन यांनी अशा लाखभराहून जास्त ओव्या गोळा करून ठेवल्या, आणि प्रत्येक ओवीखाली ती सांगणाऱ्या बाईचं नाव लिहिलं. ते नाव लिहिणं हीच मोठी गोष्ट होती. नाहीतर आपण सगळ्याला ‘पारंपरिक’ म्हणतो आणि बाईचं नाव गळून पडतं.

जालींच्या गाण्याचंही असंच आहे. अंगठ्याचा ठेका सगळ्यांचा, तर्जनीची नक्षी ज्याची त्याची, शब्द गाणाऱ्याचे. त्यामुळे ‘फासिया’मध्ये आजोबा किती आणि नात किती हे तराजूत मोजता येत नाही. आम्हाला एवढं वाटतं, की एक-दोन ठिकाणी गिटार आणि इतर वाद्यांनी कोराला झाकून टाकलंय. कोरा एकटा ठेवला असता तर जास्त गोड झालं असतं. पण बॅन्ड घेऊन जगभर मंचावर उभं राहायचं तर हे लागत असावं.

या अल्बमनंतर तिचं पुढे काय झालं ते थोडक्यात. ती देशोदेशी गायला गेली. पुढे गॅम्बियात तिने आजोबांच्या नावाने संगीताची शाळा सुरू केली. तिथं मुलं नेहमीचे विषय शिकतात, आणि बरोबरीने कोरा, बालाफोन ही आपली वाद्यं शिकतात. मुलगीही कोरा धरते. दुसरा मोठा अल्बम यायला अकरा वर्षं गेली, तो २०२२ मध्ये आला. मधल्या काळात शाळा आणि मूल दोन्ही वाढत होतं. बाईच्या दोन कामांमध्ये एवढं अंतर का पडतं, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.

आता आमच्यातली एक गोष्ट. वर जी तिसरी म्हणाली, माझ्या बापाने नाही म्हटलं होतं, ती आमच्या गटातली जुनी सभासद. गोंधळ्यांच्या घरातली लेक. वडील संबळ वाजवायचे. पंचक्रोशीत नाव होतं. घरात रोज रियाझ. भाऊ बसायचे वडिलांसमोर आणि ही चुलीपाशी. भाकरी थापता थापता तिला सगळे बोल पाठ झाले. काटवटीवर वाजवायची. एकदा भावाचा हात चुकला, हिने आतून बोल दुरुस्त केला. वडील हसले, म्हणाले, पोरगी असून कान बरा आहे. तेवढंच. संबळाला हात लावू दिला नाही. वडील गेल्यावर जमिनीचा कागद झाला, तिने सही केली. त्या कागदात संबळ नव्हता. त्यावर सही करायला कुणी सांगितलंच नाही, कारण त्यात हिचा हक्क असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. हिच्याही नाही.

सोनाचं गाणं ऐकलं त्या दिवशी ती काही बोलली नाही. शेंगांचं टोपलं रिकामं झालं होतं. तिने ते पालथं केलं आणि दोन हातांनी वाजवायला लागली. डाव्या हाताने घुमारा, उजव्या हाताने बारीक बोल. आम्ही शेंगा फोडायच्या थांबलो. वीस-पंचवीस वर्षांत कधी तिने वाजवलेलं आम्ही ऐकलं नव्हतं. रेकॉर्डर चालू करायचंही सुचलं नाही.

मागाहून आम्ही तिला म्हटलं, पुन्हा वाजव, आपण रेडिओवर लावू. ती म्हणाली, टोपल्यावर नको. वाजवायचं तर संबळावर.

संबळ तिच्या धाकट्या भावाकडे आहे, माहेरी. माळ्यावर ठेवलाय, कातडं सैल झालंय असं तो फोनवर म्हणाला. पुढच्या बुधवारी आम्ही चौघी तिच्याबरोबर जाणार आहोत. तो देईल की नाही हे त्याने अजून सांगितलेलं नाही. कातडं बदलायला किती पैसे लागतील ते तिने मात्र चौकशी करून ठेवलंय.